पाणी चाखायला गोव्याला

लोक गोव्याला काय पाहायला जातात ते मला आता ठाऊक झालं आहे. कोणी समुद्र पाहतो, कोणी चर्च पाहतो, आणि आमच्याकडचे बरेच जण नुसती बाटली पाहून येतो म्हणतात. आम्ही गेलो होतो पाणी चाखायला. हसू नका राजेहो, आधी ऐकून तर घ्या.

आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. दर्यापुरातून कोणत्याही बाजूनं बाहेर पडा, जमीन काळीभोर आणि कापूस झकास, पण विहीर खणली की लागतं खारं पाणी. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. नवी सून पहिल्या आठवड्यातच माहेरी पत्र लिहिते. म्हणून आमच्याकडे सोयरिकीत घर, शेत, पत्रिका सगळं मागाहून. आधी मुलीचा बाप मुलाच्या घरचं पाणी चाखतो. पाणी पटलं तर सुपारी फुटते, नाही पटलं तर माणसं चहा न घेता उठतात.

या कामात माझे भाऊजी किसनराव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दहा गावांत नावाजलेले. लोक बैलगाडी जुंपून त्यांना पाणी चाखायला नेत. ते आपला पितळी लोटा घेऊन जात, स्वतः पोहरा ओढत, एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटत, गालातून गालात घोळवत आणि पचकन थुंकत. मग निकाल. त्या निकालानं किती लग्नं मोडली याची मोजदाद नाही. शंका राहिलीच तर त्यांच्या कोपरीच्या खिशात तूरडाळीची पुरचुंडी असे. ती त्याच पाण्यात शिजत घालायची आणि चुलीपुढे बसून राहायचं.

ही जीभ त्यांना का कमवावी लागली तेही सांगून टाकतो. आमचं मूळ घर, म्हणजे ताईचं माहेर, परतवाड्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी; मी मास्तरकीच्या नोकरीनं पुढे ताईच्या गावी आलो. तिथलं पाणी साखरेसारखं. पंचवीस वर्षांपूर्वी आमचे वडील ताईसाठी स्थळ पाहायला भाऊजींच्या गावी आले, माठातलं पाणी प्याले आणि खूश होऊन सुपारी फोडून गेले. लग्नानंतर ताईनं विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि तिथंच बसकण मारली. माठातलं पाणी चार कोसांवरून बैलगाडीच्या पिपात आणलेलं होतं! गाडी हाकणारा होता खुद्द नवरदेव. हा किस्सा भाऊजी लग्नाकार्यात मांडी थोपटून सांगत आणि मंडळी हसून लोळत. ताई तेव्हा वाढायला उठून जाई. त्यातल्या त्यात बऱ्या पाण्याची विहीर गावापासून दीड मैलावर, नाल्याकाठी. तिथून ताई पंचवीस वर्षं डोक्यावर घागर आणते आहे.

तर या भाऊजींची मुलगी कुसुम, माझी भाची. तिला स्थळ आलं मनोहरचं. मुलगा दर्यापूरचाच, शिकलेला, ओव्हरसियर. गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि सरकारनं त्याला तिकडे रस्ते बांधायला पाठवलं होतं. पोरगा कुसुमला पसंत होता. किती पसंत, हे घरात फक्त मला माहीत, कारण त्याची पत्रं माझ्या शाळेच्या पत्त्यावर येत आणि हेडमास्तर माझ्याकडे चष्म्यावरून बघत.

"पोट्टं चांगलं हाय," भाऊजी म्हणाले. "पन पानी चाखल्याबिगर मी सुपारी फोडत नाई. अन कळवून जाणार नाई. कळवून गेलं की लोक काय करतात ते मले माहीत हाय."

"अवो, गोवा हाय तो! हजार मैल जाऊन लोटाभर पानी चाखता?" ताई म्हणाली.

"तुह्या बापानं पोहरा ओढला असता त आज तू परतवाड्यालेच असती," भाऊजी म्हणाले. ताईनं घागर उचलली आणि ती पाण्याला गेली.

सोबतीला मी. मे महिना, शाळेला सुटी, आणि समुद्र पाहायची मला लहानपणापासून हौस. निघायच्या आदल्या दिवशी कुसुमनं मला गोठ्याशी गाठलं.

"मामाजी, पानी कसंई असलं त तुमी गोड म्हनजा."

"माझ्या जिभेला इथं कोन विचारते, बाई?"

"मंग बाबाले सर्दी झाली पाहिजे," ती म्हणाली, आणि जेवताना तिनं बापाला ताकाचा चौथा गिलास वाढला. भाऊजींना काही झालं नाही. शेजारी बसून तेच ताक प्यालेल्या मला मात्र मुंबईपर्यंत शिंका येत होत्या.

पणजीच्या धक्क्यावर

मुंबईपर्यंतची आगगाडी आणि पुढची बोट यांबद्दल काही लिहीत नाही. बोटीवर मी आडवा होतो आणि भाऊजी उपरणं तोंडावर घेऊन भजन म्हणत होते. एकदाच उठले, बोटीवरचं पिण्याचं पाणी चाखलं आणि "दोन दिवसांचं हाय, लोखंडात ठेवलेलं" असं सांगून पुन्हा झोपले. शेजारच्या खलाशानं टाकीकडे पाहिलं आणि मग भाऊजींना नमस्कार केला.

पणजीला उतरलो तर समोरच्या रांगेत एकामागे एक दारूची दुकानं. उघडी! दारं सताड, टेबलांवर स्वच्छ कापड, आत म्हातारे कोट घालून बसलेले. आमच्याकडे दारूबंदी, म्हणजे दारू नाल्याच्या पलीकडे जाऊन प्यायची आणि येताना बाभळीत पडायचं. इथे माणसं पिऊन सरळ चालत घरी जात होती. मी थबकलोच. भाऊजींनी माझं मनगट धरलं. गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊन त्यांनी निर्व्यसनी राहायची शपथ घेतलेली, गळ्यात माळ. ते दुकानांकडे पाठ करून, आडवे आडवे, खेकड्याच्या चालीनं तो सगळा रस्ता चालले.

तिथून मोटारीनं समुद्राकाठच्या एका छोट्या गावी. गावाचं नाव सांगत नाही, पुढे जे घडलं त्यानं एका बाईच्या दुकानाची अब्रू जाईल. मनोहर तिथेच राहत होता. पण त्याला न कळवता आलेलो, म्हणून आधी उतरायला जागा शोधणं आलं. जागा एकच, रोझालिनाबाईकडे. पुढे दारूचं दुकान, मागे दोन खोल्या.

रोझालिनाबाई साठीची, धिप्पाड, फुलाफुलांचा झगा. काजूची दारू ती गाळायचीच, पण तिचा खरा अभिमान होता तो तिच्या वाइनीचा. जांभळांची एक आणि काळ्या मनुकांची एक, दोन्ही लाकडी पिपांत मुरवलेल्या. मागे डोंगरउतारावर तिची काजूची झाडं. आमच्याकडे बोंड म्हटलं की कापसाचं. तिथे काजूचं, आणि ते दगडी कुंडात पायांनी तुडवून रस काढतात. मे महिन्यात सगळा डोंगर आंबूस घमघमतो. मला तो वास आवडला. हे मी भाऊजींना सांगितलं नाही.

भाऊजींची अडचण निराळी. मागच्या खोल्यांना जायला दोन वाटा, एक दुकानातून आणि दुसरी डुकरांच्या खुराड्यातून. भाऊजींनी दोन्ही पाहिल्या, थोडा विचार केला, धोतर खोचलं आणि खिडकीतून आत शिरले.

"कितें जालें? दार ना?" रोझालिनाबाईनं मला विचारलं.

"त्यांची शपथ आहे," मी म्हणालो.

बाईनं कपाळावरून छातीपर्यंत क्रूस केला आणि खिडकीखाली एक स्टूल आणून ठेवलं. पुढचे दोन दिवस आमचे भाऊजी त्या खिडकीतूनच जात-येत होते. बाहेर पोरंबाळं पाहायला जमत.

वाळूवर

संध्याकाळी समुद्रावर गेलो. काय सांगू, मी चाळिशीचा मास्तर, इतकी वर्षं पोरांना भूगोल शिकवला, फळ्यावर खडूनं समुद्र काढला, आणि समोर खरा पाहून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. भाऊजी शेजारी कमरेवर हात देऊन उभे.

"तय किती हातावर लागते?" त्यांनी तळाची खोली विचारली.

मी म्हटलं, "भाऊजी, ही विहीर नव्हे."

"पानी हाय ना?" असं म्हणून ते लोटा घेऊन पुढे झाले. एक लाट आली, तिच्यातून त्यांनी लोटा भरला, मानेवरचा घाम पुसला, डोळे मिटले आणि घोट घेतला. किनाऱ्यावर जाळी विणणारे पाच-सहा जण हातातलं काम टाकून बघायला लागले. भाऊजींनी नेहमीसारखं गालातून गालात घोळवलं. मी आता ओकारी येणार म्हणून बाजूला सरकलो. पण ते शांतपणे थुंकले.

"खारट हाय," ते म्हणाले. "पन कडू नाई. गढूळ नाई, वास नाई. मास्तर, आपल्या शिवारात तीन विहिरी याच्याहून वाईट हायेत."

म्हणजे माझी बहीण नाल्याकाठी जात नाही त्या दिवशी समुद्रापेक्षा वाईट पाणी पिते, हे मला त्या किनाऱ्यावर उभं राहून कळलं. मला एकदम राग आला. कोणावर ते समजेना, म्हणून मी भाऊजींना म्हणालो, "चला आता, भूक लागली."

एवढ्यात दुसरी लाट आली आणि भाऊजींची एक वहाण घेऊन गेली. एकच! चोर असता तर जोडी नेली असती. भाऊजी अर्धा तास त्या समुद्राला शिव्या घालत उभे राहिले आणि जाळी विणणारे पाण्यात शिरून शोधत राहिले. वहाण गेली ती गेलीच. परत आलो तेव्हा रोझालिनाबाईनं आपल्या गेलेल्या नवऱ्याचे चर्चला जायचे बूट काढून दिले. काळे, टोकदार, चकाचक. धोतराखाली ते बूट, डोक्याला टोपी, गळ्यात माळ, आणि स्वारी खिडकीतून आत.

जेवणाचं म्हणाल तर तिथे सगळ्यात नारळ. भाजीत नारळ, आमटीत नारळ, भात लालसर आणि बोटभर जाड. मी मासे खात होतो. भाऊजींनी घरून ज्वारीचं पीठ आणलं होतं, आणि दारूच्या घरचं पाणी नको म्हणून ते शहाळ्यावर होते. रोझालिनाबाईच्या चुलीवर त्यांनी स्वतः भाकरी थापली, ती तव्यावर तीन तुकडे होऊन पडली, आणि तीही त्यांनी ठेच्याबरोबर मिटक्या मारत खाल्ली. बाईनं ठेचा चाखला. मग आपल्या वाइनीचा एक मोठा गिलास एका दमात रिकामा केला आणि आणखी ठेचा मागितला.

मनोहरच्या खोलीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता मनोहरच्या दारात. आदल्या रात्री कामावरून उशिरा आलेला तो कचेरीत निघायच्या गडबडीत, अंगात शर्ट अर्धा. होणाऱ्या सासऱ्याला त्या बुटांत पाहून आधी त्यानं ओळखलंच नाही. मग पाया पडला.

"पानी दे," भाऊजी म्हणाले.

त्यानं माठातून लोटा भरून दिला. घोट, डोळे बंद, गालातून गालात. भाऊजींचा चेहरा उजळत गेला. खिशातून पुरचुंडी काढली, स्टोव्हवर डाळ ठेवली, अर्ध्या तासात डाळीचं मेण झालं. मी मनातल्या मनात कुसुमला तार ठोकली.

"विहीर कोठी हाय?" भाऊजींनी विचारलं.

मनोहरचा चेहरा पडला. खाली आवारात, रोझालिनाबाईच्या दुकानाच्या आणि त्याच्या खोलीच्या मध्ये, सामाईक विहीर होती. समुद्र हाकेवर. "ते... वापरायचं पानी हाय जी," तो पुटपुटला. भाऊजींनी स्वतः पोहरा सोडला. घोट घेतला आणि लगेच थुंकले.

"हे खारं. अन माठातलं गोड. कोठून आनलं?"

मनोहरनं माझ्याकडे पाहिलं, दाराशी साहेबाची वाट पाहत उभ्या असलेल्या कचेरीच्या शिपायाकडे पाहिलं, त्याचे कान लाल झाले आणि तो काही बोललाच नाही. लेकाचा नुसता उभा! अरे, काहीतरी बोल ना बापा, पण नाही.

"मी येऊन राहिलो हे तुले कोनं सांगतलं?" भाऊजी ओरडले आणि माझ्याकडे वळले. मी शपथेवर सांगतो, मी कळवलं नव्हतं. पण पत्रांचा पत्ता आठवला आणि माझेही कान लाल झाले. त्यामुळे भाऊजींची खात्रीच पटली.

"माठ भरून ठेवला! पंचवीस वर्सांखाली मी जे केलं तेच माह्या पोरीसंगं? चला मास्तर. उद्याच्या मोटारीनं परत."

टक् टक् टक् बूट वाजवत ते निघून गेले. मनोहर पायरीवर बसला. मी त्याला म्हटलं, "अरे, खरं काय ते सांग तरी." तो म्हणाला, "सांगन्यासारखं नाई जी." मलाही त्याचा संताप आला. घरी जाऊन कुसुमला तोंड मला दाखवायचं होतं.

रोझालिनाबाईच्या दुकानात

दुपारी भाऊजी मागच्या खोलीत खिडकीत बसले होते, तोंड समुद्राकडे, मन कडू. रोझालिनाबाई आली ती हातात गिलास घेऊन. आपल्या छपराखाली कोणी दोन दिवस राहतो आणि आपल्या वाइनीला तोंड लावत नाही, हे तिला सहन होईना.

"पाहुण्यांनी आमच्या घरचें घेतलें ना, तर आमकां लज," ती म्हणाली.

"माही शपथ हाय, बाई."

"पण तुमी दर्याचें उदक पियेलात! सगळो गांव सांगता!"

भाऊजींनी विचार केला. मी त्यांना इतका खोल विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "पिलो नाई. चाखलं. शपथ घोट गियन्याची हाय. थुंकन्याची नाई." आणि गिलास हातात घेतला. गुरुकुंजाच्या दिशेनं त्यांनी हात जोडले. मुळात दिशा चुकली होती, पण मी बोललो नाही.

हे बघायला दुकानातली गिऱ्हाइकं मागे जमली. घोट, डोळे बंद, गालातून गालात. भाऊजी खिडकीबाहेर थुंकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दारूचं मले समजत नाई, बाई. पन याच्यात पानी हाय. अन ते पानी खालच्या विहिरीचं हाय, मी सकायी चाखलं तेच."

आणि मग जो गलका उठला! एक म्हातारा गिऱ्हाईक ओरडला की दोन महिने आपण हेच म्हणतो आहोत आणि सगळे त्याच्या दातांना दोष देत होते. रोझालिनाबाईनं पिपातून थेट गिलास भरून आणला. भाऊजींनी चाखला, थुंकला, "याच्यात नाई" म्हणाले. दुकानातल्या बाटलीतला आणला. "याच्यात हाय." जांभळाची, मनुकांची, काजूची, सात गिलास झाले. भाऊजी एकेक चाखत होते, थुंकत होते, बाहेर खिडकीखालची कोंबडी डुलायला लागली. एकही निकाल चुकला नाही. दुकानात उभा राहणारा बाईचा पुतण्या पास्कू मागच्या मागे डुकरांच्या वाटेनं पळाला.

"पाणीच घालपाचें तर वयल्या बांयचें तरी घाल, आळशी!" बाई त्याच्या पाठीमागे ओरडली. आपल्या वाइनीत पाणी घातलं याच्यापेक्षा वाईट पाणी घातलं याचा तिला जास्त राग होता. वर डोंगरात, काजूच्या झाडांत, तिची स्वतःची विहीर होती, अमृतासारखी. पण पायऱ्या शंभराच्या घरात, आणि पास्कूला चढायचा कंटाळा.

तोंड धुवायला म्हणून तिनं भाऊजींना त्या वरच्या विहिरीचं पाणी दिलं. भाऊजींनी चूळ भरली आणि थांबले. पुन्हा घोट घेतला. या वेळी थुंकले नाहीत.

"मास्तर, हेच. पोट्ट्याच्या माठातलं पानी हेच. पिपात आनलं असन, गाडीनं."

"गाडी खंयची?" बाई हसली. "थंय बकरीय कश्टानं चडता. तुमचो ओव्हरसियर सायब आपूण व्हरता. दर सकाळीं. खांद्यार काठी, दोन कळशो. वर्स जालें."

"कोन?" भाऊजींनी विचारलं.

"मनोहर सायब. आधीं गांव हांसतालो. आतां ना हांसत."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. बाईमाणूस पाणी भरतं हे आमच्याकडे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. पुरुषानं गाडीवर पीप आणणं निराळं. पण खांद्यावर घागर, तीही ओव्हरसियरनं? आमच्या गावात असा माणूस दिसला तर बायको मेली का म्हणून विचारतात.

"खोटं," भाऊजी म्हणाले.

वरच्या विहिरीवर

उजाडता उजाडता आम्ही पायऱ्या चढून वर जाऊन बसलो. खाली समुद्र राखाडी, अंगावर काजूचा वास, माझ्या पोटात काही नाही. थोड्या वेळानं पायऱ्यांवर पावलं वाजली. मनोहर. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खांद्यावर कावड, दोन रिकाम्या कळशा. आम्हाला पाहून तो चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"काल काहून बोलला नाई?" भाऊजींनी विचारलं.

"शिपाई उभा होता जी. अन तुमी दर्यापुरात सांगतलं असतं. माह्या मायले लाज वाटली असती."

"तुले खारं चालत नाई? जलमभर त पिला."

"मले चालते जी." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "पन तिनं चिठ्ठीत लिव्हलं होतं, का तिची माय दीड मैलावरून पानी आनते. म्हनून म्हनलं, लगन झाल्यावर आपनच आनू. एकदम जमत नाई ना जी. आतापासून सवय करून राहिलो."

वर्षभर! लग्न ठरायचं होतं, सुपारी फुटायची होती, आणि हा पठ्ठ्या वर्षभर रोज शंभर पायऱ्या चढून सवय करत होता. मला हसायला आलं. भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी खाली पाहिलं, त्या टोकदार बुटांकडे. चिठ्ठ्यांचं त्यांनी विचारलंच नाही. ते ऐकू आलं होतं हे मात्र नक्की, कारण उठताना माझ्या पायावर त्या बुटाची टाच पडली.

"सुपारी हाय का कोनापाशी?" ते म्हणाले.

सुपारी रोझालिनाबाईकडे. मनोहरनं वरून हाक मारली तशी ती धापा टाकत वर आली, मागून पास्कू. विहिरीच्या काठावर दगडानं सुपारी फोडली. बाईनं वाइन घेतली, आम्ही विहिरीचं पाणी. खाली उतरल्यावर भाऊजी खिडकीकडे वळले नाहीत. पुढच्या दारानं, भर दुकानातून, बूट वाजवत आत गेले आणि सगळ्यांना रामराम केला.

घरी

निघताना बाईनं पोरीसाठी भेट दिली. वाइनीची बाटली, पोर्तुगालची, सोनेरी चिठ्ठी, वर बूच आणि लाख. आत वरच्या विहिरीचं पाणी. कुसुमनं चाखावं म्हणून.

परतीला मोटार घेतली. हद्दीच्या नाक्यावर दारूबंदीच्या शिपायानं बाटली वर धरली. "यात काय?" भाऊजी म्हणाले, "पानी." शिपाई हसला, मोटारीतले सगळे हसले. बूच काढलं, हुंगलं, घोट घेतला, पुन्हा एक घेतला. "पाणीच आहे की!" असं म्हणून त्यानं आमच्याकडे ज्या दयेनं पाहिलं, तसं माझ्याकडे कधी कोणी पाहिलेलं नाही. अर्धी बाटली उरली.

गावात शिरलो तो भर दुपारी. पारावर अख्खा गाव. भाऊजींच्या पायात काळे टोकदार बूट, हातात सोनेरी चिठ्ठीची अर्धी बाटली. कोणी रामरामसुद्धा घातला नाही. अंगणात ताई आणि कुसुम दोघी उभ्या. कुसुम माझ्या तोंडाकडे बघत होती. मी डोळे मिचकावले.

"पोट्ट्याच्या घरचं पानी खारं हाय," भाऊजी सरळ म्हणाले. कुसुमचा चेहरा उतरला. "पन हे वरच्या विहिरीचं. पोट्टा सोता डोक्स्यावर... खांद्यावर आनते. दोन कयशा. सुपारी फोडून आलो." आणि त्यांनी बाटली पुढे केली. कुसुमनं बाटलीलाच तोंड लावलं आणि घटाघटा प्याली. मग ताईनं उरलेलं घेतलं. ती घोट तोंडात धरून उभी राहिली, बराच वेळ.

"परतवाड्यासारखं हाय," एवढंच ती म्हणाली.

कुंपणापलीकडे गावातली निम्मी माणसं. माय-लेकी भर अंगणात बाटली तोंडाला लावताना त्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं चुंबळ हातात घेतली तर घागर जागेवर नव्हती. भाऊजी घागर खांद्यावर घेऊन फाटकातून बाहेर निघाले होते. धोतर, टोपी, पायात ते बूट. वहाणा नव्हत्याच दुसऱ्या.

"कोठी चालले?" ताई ओरडली.

"नाल्यावर."

पारावर एकच हाहाकार. "गोव्याहून पिऊन आला, अजून उतरली नाई!" "माळ घातली तरी?" "अरे, बायकोलेई पाजली, आमी पायलं ना!" म्हाताऱ्या पदराआड हसत होत्या. मी मागून चाललो होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला लाज वाटत होती. नाल्याकाठी बायकांनी भाऊजींना पाहून रहाट सोडून दिला. येताना ते सात वेळा थांबले. निम्मं पाणी बुटांत.

अंगणात घागर टेकवली आणि भाऊजी पायरीवर बसले, तोंड लालबुंद. ताईनं त्यातलंच लोटाभर पाणी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नेहमीसारखा घोट घेतला, डोळे मिटले, गालातून गालात घोळवलं. कुंपणावरची माणसं निकालासाठी पुढे वाकली. भाऊजी थुंकले नाहीत. गिळलं.

"कसं हाय?" ताईनं विचारलं.

"चवीचं मले काई समजून नाई राहिलं," भाऊजी म्हणाले. "पन वजन लय हाय त्याले."

ताईनं घागरीत डोकावून पाहिलं.

"अर्धीच हाय," ती म्हणाली. "उद्या भरून आना."